उशीखालचा चमचा आणि सोमवारचा मोर्चा

"सोमवारी शाळेचं दार उघडलं तर अर्नेस्टीन गेदर हे नाव लावणार नाही मी!"

बुधवारी संध्याकाळी माउंट नेबो चर्चच्या तळघरात, हातातला मक्याच्या पावाचा तुकडा उगारत अर्नेस्टीनबाईंनी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा महिला मंडळातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंची रीत त्यांना पाठ होती. आधी बोलून मोकळं व्हायचं आणि मग कसं निस्तरायचं ते बघायचं.

"मग कुठलं नाव लावणार?" लव्होनिया क्रंपनं विचारलं. ही बाईंची बालमैत्रीण, म्हणजे जवळजवळ सख्खी वैरीण!

"तू गुमान जेव गं!"

बाईंचं डोकं उगाच फिरलं नव्हतं. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात बर्फ पडला होता. कॅरोलिनाच्या या डोंगरपायथ्याच्या गावात बोटभर बर्फ पडला तरी शाळेच्या बस जागच्या हलत नाहीत; हा तर वीतभर होता. आठवडाभर शाळा बंद, पोरांची चंगळ. मग बुडालेले दिवस भरून काढायला शाळा मंडळानं कॅलेंडर उघडलं आणि त्यांचं बोट नेमकं काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीवर पडलं! सोमवारी सुट्टी नाही, शाळा भरणार.

ही सुट्टी गावाला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. देशभर ती सुरू झाली तरी इथल्या शाळा त्या दिवशी खुशाल चालू असायच्या. बाईंचा नवरा ल्युशियस, ज्याचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं, दर महिन्याला तपकिरी कोट चढवून शाळा मंडळाच्या बैठकीला जायचा. मंडळी मुद्दाम त्याला सगळ्यात शेवटी बोलायला द्यायची. तो खिशातून पेपरमिंटची गोळी काढायचा आणि चघळत बसायचा. "गोळी संपेपर्यंत रागवायचं नाही," असा त्याचा नियम. त्याच्या गोळ्या संपल्या नाहीत, मंडळाचा धीर मात्र संपला, आणि एकदाची सुट्टी मिळाली.

"कशाला एवढी दगदग? पोरांना त्या दिवशी घरी ठेवायचं, झालं!" असं लोक म्हणायचे. तो मान हलवायचा. "दांडी मारून मोर्चाला यायचं नाही. शाळेनंच दाराला कुलूप लावून म्हटलं पाहिजे, जा पोरांनो, आज मोठा दिवस आहे."

तेव्हापासून दरवर्षी चर्चपासून कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत मोर्चा निघायचा. सगळ्यात पुढे निळा कापडी फलक. बाईंनी स्वतःच्या लग्नातली चादर रंगवून शिवलेला. डावी काठी ल्युशियसकडे, उजवी बाईंकडे. तो ताडमाड, या ठेंगण्या. त्यामुळे फलक कायम बाईंच्या बाजूला कललेला असायचा आणि अक्षरं घसरून त्यांच्या डोक्यावर पडतील की काय असं वाटायचं. गेल्या एप्रिलात ल्युशियस गेला. जाण्याआधी सांगून गेला, "डावी काठी आता नायलाची."

नायला म्हणजे नात. वय लहान, जीभ लांब. पण तिची आई त्याच शाळेत शिक्षिका! आईच्या डोळ्यांसमोर दांडी मारायची कशी? आणि खुद्द बाईंनी उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेला. "शाळा बुडवशील तर पुडिंग मिळणार नाही!" हे वाक्य त्यांनी गावाच्या दोन पिढ्यांना ऐकवलेलं. आता कुठल्या तोंडानं नातीला म्हणणार, बुडव म्हणून?

बाईंनी आधी सरळ मार्ग धरला. शिक्षणाधिकारी हॅडली स्प्राउसला फोन लावला. हाही त्यांच्याच हातचं खाऊन मोठा झालेला.

"हॅडली, तुला बटाट्याचे वडे जास्तीचे कोण वाढायचं रे?"

"तुम्हीच, मिस अर्नेस्टीन."

"मग सोमवारची सुट्टी परत दे."

"माझ्या हातात असतं तर... पण दिवस भरायलाच लागतात हो! आणि आम्ही काही विसरलेलो नाही. वर्गात डॉक्टर किंग यांचं चित्र देणार आहोत ना!"

"चित्र?"

"रंगवायला."

बाईंनी फोन आपटला. ल्युशियसनं इतकी वर्षं बैठकांत बसून कमावलं, ते हे लोक खडूनं रंगवून संपवणार!

उपाय शेवटी नायलानंच सांगितला. शनिवारी ती आजीच्या ओट्यावर पाय हलवत बसली होती.

"आजी, अगं बर्फ पडला की शाळा आपोआप बंद! आम्ही पोरं बोलावतो ना बर्फ. पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा, आणि संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडायचं."

"हे कुठलं खूळ?"

"खूळ नाही, लागू पडतं! पण एकटीदुकटीनं नाही चालत. पुष्कळ जणं लागतात. आमच्या वर्गातले सगळे करणार आहेत."

बाई चमच्यांच्या खणाकडे बघत राहिल्या. ल्युशियस असता तर पोट धरधरून हसला असता. घरात कुणी तसं हसलं नव्हतं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. बाईंनी मोठ्यातला मोठा चमचा उचलला आणि महिला मंडळाला फोन लावायला बसल्या.

"अगं, चर्चच्या बायका आपण," लव्होनिया म्हणाली. "आपण प्रार्थना करायची की संडासात बर्फ टाकायचा?"

"दोन्ही! देव मागणाऱ्याचं ऐकतो, पण मागणाऱ्यानं थोडे हातपाय हलवलेले त्याला आवडतात."

"आणि रेव्हरंडना कळलं तर?"

"संडासात काय टाकलं ते रेव्हरंडना कशाला कळतंय?"

कळलं! रविवारी सकाळी चर्चच्या दारात प्लंबरची गाडी बघून सगळ्या गावाला कळलं. लव्होनियाचं घर चर्चला लागूनच. तिला वाटलं, चार खड्यांनी काय होतंय? तिनं पेट्रोल पंपावरून बर्फाची अख्खी पिशवी आणली आणि एकदम ओतली. बर्फ अडकला. मग ती हातातल्या काठीनं ढोसायला गेली. काठीचं टोक मोडून आत गेलं, पाणी मात्र बाहेर आलं, आणि बाईसाहेब उलट्या घातलेल्या गाउनवर स्टुलावर चढून मदतीसाठी ओरडत बसल्या.

"गाउन उलटा का घातलाय, सिस्टर?" रेव्हरंड टॉलिव्हरनी काळजीनं विचारलं.

"म्हातारपण हो, रेव्हरंड," लव्होनिया म्हणाली आणि दारात जमलेल्या गर्दीतल्या अर्नेस्टीनबाईंकडे बघून असे डोळे वटारले की बाईंनी प्रार्थनेचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

त्यात प्रार्थनेच्या वेळी भलतंच होऊन बसलं. मोर्चा दरवर्षी रोडावत चाललेला, आणि या वर्षी पोरं नाहीत म्हटल्यावर रेव्हरंड धास्तावलेले. त्यांनी दोन्ही हात वर केले. "प्रभो, उद्या आमच्या मोर्चासाठी स्वच्छ ऊन पडू दे!"

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं. महिला मंडळाचा बाक चिडीचूप!

रेव्हरंडनी एक डोळा उघडला. "प्रभो, एकही ढग दिसू देऊ नकोस!"

"आमेन!" बाकावर पुन्हा शुकशुकाट. कोणी हॅटची पिसं सरळ करतंय, कोणी पर्समध्ये डोकं घालून बसलंय. रेव्हरंड बिचारे दिवसभर आपल्या हातून या बायकांचा काय अपमान झाला ते आठवत राहिले.

आणि सोमवारी सकाळी अर्नेस्टीनबाईंनी पडदा सारला, तर समोर पायऱ्या नाहीत, कुंपण नाही, शेजाऱ्याची मोटार नाही! सगळं पांढरंशुभ्र. आकाशाकडे मागायला गेलं वाटीभर आणि मिळालं घमेलंभर. तेवढ्यात फोन वाजला. शाळेचा नेहमीचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, आज जिल्ह्यातल्या सर्व शाळा बंद राहतील.

"ल्युशियस!" बाई भिंतीवरच्या फोटोसमोर गिरकी घेऊन ओरडल्या. "लागलं की नाही कुलूप!"

फोन पुन्हा वाजला. या वेळी रेव्हरंड.

"सिस्टर अर्नेस्टीन, वाईट वाटतं, पण मोर्चा रद्द. रस्ते बंद, कोर्ट बंद. पोलिसांनी परवानगी मागे घेतली."

"पण शाळा बंद आहे, रेव्हरंड! पोरं मोकळी आहेत!"

"सगळंच बंद आहे, सिस्टर."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बाईंनी फोन ठेवला. दाराआडचा गुंडाळलेला फलक उचलून मांडीवर घेतला आणि तशाच बसून राहिल्या. डाव्या काठीवर ल्युशियसच्या मुठीनं एक जागा गुळगुळीत झाली होती. बाईंनी तिथं हात ठेवला. त्यांना मोर्चा नको होता, फलकही नको होता. त्या काठीला धरून उभा असलेला माणूस हवा होता. एवढा बर्फ मागितला तेव्हा हेही का नाही मागून बघितलं, असा एक वेडा विचार मनात येऊन गेला.

दार धडधडलं. बाहेर नायला, कमरेपर्यंत बर्फात. ती दोन घरं पलीकडून चालत आली होती. कोटाखालून उलटा पायजमा लोंबत होता.

"आजी, तू जरा जास्तच जोर लावलास."

"मला काय माहीत किती लावतात? तुझ्या आजोबांना सांगून जायला काय झालं होतं!"

"चल, निघू या."

"कुठं? मोर्चा रद्द झालाय."

"म्हणून काय झालं? आजोबांनी मला काठी दिली आहे ना? मग मी धरणार."

या पोरीच्या हनुवटीचा कोन थेट ल्युशियसचा होता. बाईंनी बूट चढवले आणि फलक काखेत मारला.

चर्चच्या उतारावर पोहोचल्या तर काय, सगळी शाळा तिथं! झाडून सगळी पोरं उतारावरून घसरत, किंचाळत, एकमेकांवर आदळत होती. आणि घसरायला बुडाखाली काय, तर तपकिरी रंगाचे ट्रे. शाळेच्या जेवणाचे!

"माझे ट्रे!" बाईंची किंकाळी दरीपलीकडे गेली असेल. दर हिवाळ्यात स्वयंपाकघरातून ट्रे नाहीसे व्हायचे आणि बाई बिचाऱ्या भांडी घासणाऱ्यांवर संशय घ्यायच्या! त्यांच्याही नकळत तोंडून जुना आवाज निघाला, "एका ओळीत! ढकलाढकली नाही! ट्रे छातीशी!"

आणि काय आश्चर्य! पोरं झरझर उतरली आणि ओळीत उभी राहिली. ट्रे छातीशी. त्यांच्यात काही बापही होते, पोरांना घसरायला शिकवण्याच्या निमित्तानं आलेले. तेही निमूटपणे ओळीत, कारण या आवाजाची सवय त्यांच्याही हाडात मुरलेली.

नायलानं डावी काठी उचलली. बाईंनी उजवी. फलक उघडला. आज पहिल्यांदाच तो दुसरीकडे कलला होता. आज त्यांची बाजू वर होती. त्या डावीकडे वर बघत राहिल्या, नेहमीच्या उंचीवर, जिथं आता फक्त बर्फ पडत होता. मग मान खाली घालून नातीकडे बघितलं.

"चला," नायला म्हणाली.

ओळ चालू लागली. लव्होनिया मोडकी काठी टेकत घरातून निघून सामील झाली. रेव्हरंड ऊन पाडण्यात आलेलं अपयश विसरून गाणं म्हणत पाठोपाठ धावले. पोरांनी ट्रेवर ठेका धरला. कोर्टाच्या कोपऱ्यावर एक गाडी चाकं गरागरा फिरवत बर्फात रुतून बसली होती. काच खाली झाली. आत हॅडली स्प्राउस! उद्या तरी शाळा उघडता येईल का, म्हणून रस्ते बघायला निघालेला.

"मिस अर्नेस्टीन, जरा धक्का मारता का हो?"

"चित्र रंगवून झालं का रे, हॅडली?"

तो कानापर्यंत लाल झाला. पोरांनी मिळून गाडी ढकलून बाहेर काढली. तो उतरला, टोपी काढून फलकाकडे बघत उभा राहिला. "बघा, शेवटी शाळा बंद राहिली की नाही? मिस्टर ल्युशियसना बरं वाटलं असतं."

"नसतं वाटलं," बाई म्हणाल्या. "दार बर्फानं लावलंय, तू नाही."

हॅडलीनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी मंडळाची बैठक आहे. तुम्ही या. पुढच्या वर्षीपासून या दिवसाला हात लावायचा नाही, असं मांडा. मी पाठिंबा देतो. आणि तुम्हाला सगळ्यात आधी बोलायला देतो."

गुरुवारी दुपारीच अर्नेस्टीनबाई तयार होऊन बसल्या. अंगात ल्युशियसचा तपकिरी कोट. बाह्या बोटांखाली लोंबत होत्या, पण त्यांनी त्या दुमडल्या नाहीत. कोटाला अजून दुकानातल्या पावडरचा वास होता. काय बोलायचं ते त्या फोटोसमोर म्हणून बघत होत्या. नेहमीपेक्षा फारच छान जमत होतं.

फोन वाजला. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, हवामानामुळे शाळा मंडळाची आजची बैठक रद्द करण्यात आली आहे.

बाईंनी पडदा सारला. पायऱ्या पुन्हा गायब होत होत्या! त्यांनी घाईघाईनं लव्होनियाला फोन लावला.

"लव्होनिया! उशीखालचा चमचा काढलास का गं तू?"

"म्हणजे? थांबा असं तू म्हणालीस कुठे? मी तर आता दोन ठेवते! सगळ्याजणी ठेवतोय!"

बाई खुर्चीत बसल्या. पुढची बैठक महिन्यानं. आता चांगलंच ओरडायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि नकळत हात कोटाच्या खिशात गेला. तळाशी कागदाला चिकटलेली एक पेपरमिंटची गोळी होती. त्यांनी ती सोलून तोंडात टाकली.

गोळी फार जुनी होती. लवकर संपणार नव्हती. बाईंना तेच हवं होतं.