शनिवारची माफी

शमुवेलकाका माफी मागायला आले की आमच्या घरात आधी खिडक्या लावून घेतात. त्यांची माफी चौथ्या घरापर्यंत ऐकू जाते.

पूर्णेच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, मेजावरची भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. मेजाजवळ येण्याआधी, ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी समेट करावा, ही शिकवण आम्ही सगळेच लहानपणापासून ऐकतो आणि ऐकून सोडून देतो. काकांना ही सोय मान्य नाही. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ आदल्या शनिवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवतात आणि महिनाभरात ज्याच्या ज्याच्यावर मनातून चिडले असतील, त्याच्या दारात उभे राहतात. "माफी मागायला आलोय," म्हणतात, "पण आधी तुझं काय चुकलं ते ऐक."

गेल्या वर्षी ते माझ्याकडे तीनदा आले. एकदा मी उपासनेत मोबाईल पाहिला म्हणून, एकदा त्यांच्या दारासमोर मोटारसायकल लावली म्हणून, आणि एकदा त्यांच्या आधीच्या माफीला मी हसलो म्हणून. आमचा दूधवाला तर मंडळीतला नाही, त्याला मेजाशी काही देणंघेणं नाही. तरी काकांनी त्याला भर गल्लीत सांगितलं की तुझ्या दुधातल्या पाण्यापायी मी तुला मनात शिव्या दिल्या, मला क्षमा कर. त्या बिचाऱ्यानं क्षमा केली. पाणी तेवढंच राहिलं.

मनातल्या मनात क्षमा केली तरी देव पाहतो, असं आमचे तरुण पाळक त्यांना एकदा समजुतीनं म्हणाले. काका उसळलेच. नाताळच्या आदल्या दिवशी लोक हात जोडलेलं चित्र मोबाईलवर दोनशे जणांना एकदम पाठवतात आणि खाली लिहितात, कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. त्या ‘कळत-नकळत’वर काकांचा विशेष राग. "तुला कळलंच न्हाई, तर मागायलास काय?" असं त्यांनी पाळकांनाच विचारलं. एवढी वर्षं विश्वासात काढून माणसं अजून बाळच राहिलीत, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण काकांचा एकुलता एक मुलगा दीपक परभणीत राहतो, गाडीनं तासाभराच्या आत, आणि काकूंच्या मातीपासून चार वर्षं बाप-लेकात बोलणं नाही. दीपक तेव्हा एका नव्या मंडळीत जायला लागला होता. तिथे हात वर करून, मोठमोठ्यानं प्रार्थना करतात. कबरीजवळ तो तशीच प्रार्थना करू लागला, तर काकांनी सगळ्यांसमोर त्याला मधेच तोडलं. हे आपल्यात बसत नाही, बंद कर, म्हणाले. दीपक आईला माती द्यायलाही थांबला नाही.

या महिन्यात मी नेमका काकांच्या शेजारी बसलो. भाकरीचं ताट आलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि एकही तुकडा न उचलता माझ्याकडे दिलं. द्राक्षरसाचंही तेच. मागच्या बाकावरच्यांना नंतर विचारलं, तर चार वर्षं असंच चाललंय, म्हणाले.

मला संताप आला. साऱ्या गल्लीला दर महिन्याला वेठीला धरणारा माणूस स्वतःच्या पोराचं दार वाजवत नाही, आणि वर मेजावरून उपाशी उठतो! उपासना सुटल्यावर आवारात त्यांना गाठलं आणि त्यांच्याच पद्धतीनं, आधी तुमचं काय चुकलं ते ऐका, म्हणून सुरुवात केली. सगळं बोलून घेतलं.

काका चिडले नाहीत. कठड्यावर बसले.

"विलास, चुकलो असतो तर कवाच गेलो असतो. शिकवणीनं मी बरोबर होतो. बरोबर माणसानं माफी कशाची मागायची?"

"मग भाकर का घेत न्हाई?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं.

"शिकवणीचं मी नुसतं निमित्त केलं. तो आईचं नाव घेऊ घेऊ रडायलता. अजून दोन शब्द बोलला असता, तर मी तिथंच आडवा झालो असतो, लोकांदेखत. म्हणून त्याला गप केलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली. हे दीपकला सांगा, म्हणालो, तर म्हणाले, बापानं असलं सांगायचं असतं का. दीपक माझा शाळेतला दोस्त. मी न विचारता त्याचा नंबर लावला, तुझे पप्पा बोलतायत म्हटलं आणि फोन काकांच्या हातात दिला.

"दीपक," काका म्हणाले, "तुझ्या आईच्या मातीला..." आणि पुढे त्यांना बोलताच येईना. माणसं चपला घालून बाहेर पडत होती आणि काका त्यांच्यादेखत हमसून हमसून रडत होते. फोनमधून दीपकचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येऊ लागला. तो प्रार्थना करत होता, मोठमोठ्यानं, आईचं नाव घेऊन. काकांनी त्याला थांबवलं नाही.