मोताळा बोलून राह्यला

माणूस चंद्रावर उतरला ही बातमी साऱ्या जगानं मान्य केली, पण मोताळ्यानं ती आठवडाभर रोखून धरली.

मोताळा म्हणजे इथे गाव नव्हे, मोताळ्याच्या टेलिफोन बोर्डावर बसणारा माणूस. आम्ही ऑपरेटर एकमेकांना नावानं हाक मारत नसू. जो ज्या गावच्या बोर्डावर बसला, ते गाव त्याचं नाव. मी मेहकर. माझ्यानंतर चिखली, मग बुलढाणा, आणि घाट उतरलं की खाली मोताळा. दुपारी आडत दुकानदार जेवून लवंडले की ट्रंक लाइन मोकळी व्हायची. त्या वेळी लाइनची तपासणी करायची असा नियम होता. चिखली माझी वायर बुलढाण्याला जोडायचा, बुलढाणा ती मोताळ्याला जोडायचा, आणि मग चौघांनी आपापल्या जागेवरून थोडं बोलून आवाज कसा येतो ते पाहायचं. काय बोलायचं हे नियमात नव्हतं. ते मोताळ्यानं ठरवून टाकलं होतं. तो विज्ञानाच्या बातम्या घ्यायचा.

घ्यायचा म्हणजे न्यायाधीश प्रकरण घेतो तसं. आधी ललकारी व्हायची, "मोताळा बोलून राह्यला." मग बातमी. मग जरा दम खाऊन, "बरं. पन हे तपासलं कोन?"

चंद्राच्या बाबतीत त्याची हरकत उतरण्याला नव्हतीच. "उतरले असतील," तो म्हणाला. "तरणी पोरं हायेत, उतरतीन. पन चंद्रावरून त्यायचा आवाज साफ आला म्हन्ते. आपल्या चिखलीचा आवाज मेहकरले साफ जात नाही. हे तपासलं कोन?"

यावर टिचक्या पडल्या. एखादं बोलणं आवडलं, तर ऐकणाऱ्यानं तोंडापुढच्या काळ्या भोंग्यावर नखानं टिचकी मारायची, अशी आमच्यात रीत होती. खो खो हसलो असतो तर शेजारी तिकिटं विकणाऱ्या पोस्टमास्तरांनी मान वर केली असती. टिचकी लाइनवरच्यांनाच ऐकू जायची. मोताळ्याला चिखलीची मिळाली, बुलढाण्याची मिळाली, आणि माझीही मिळाली. पण माझी मी नखाच्या कडेनं मारली. मारली नसती तर लक्षात आलं असतं, आणि जोरात मारायला हात होईना.

कारण विज्ञान ही माझी बाजू होती. मी बी.एस्सी. झालेला माणूस. जानेफळला आमच्या घरात मराठी सही करणारासुद्धा मीच पहिला. शाळेच्या पत्र्याला भोक होतं. त्यातून येणाऱ्या कवडशात पाटी धरून गुरुजींनी मला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. त्या गुरुजींचे आणि त्या भोकाचे उपकार मी विसरलेलो नाही. माझी पदवी बाबांनी मेहकरला नेऊन काच लावून आणली, आणि ती पाहायला शेजारच्या वाडीतूनही माणसं आली. असा माणूस लाइनवर हजर असताना विज्ञानावर मोताळ्यानं बोलावं, जो मॅट्रिकच्या पुढे गेला नव्हता, आणि टिचक्या त्याला पडाव्यात, हे मला न्यायाला धरून वाटत नसे.

त्यात त्याला भूगोलाची मदत होती. रेल्वेचं मलकापूर त्याच्या उशाशी. नागपूरचा पेपर त्याच्याकडे सकाळच्या चहाला यायचा, आणि माझ्याकडे पोचायचा संध्याकाळच्या गाडीनं. बातमी मला कळायची ती मोताळ्यानं तिची खोड काढल्यावर. लग्नाला निघावं आणि वरात परतताना भेटावी, तसं रोज व्हायचं.

तरी मी माझं काम करायचो. चंद्राच्या वेळी मी शांतपणे सांगितलं की आवाज हवेतून आला नसून विद्युतचुंबकीय लहरींतून आला, मध्ये पोकळी असल्यामुळे त्या लहरींना अडथळा नव्हता, उलट आपल्या तारेला खांबाखांबावर गळती असते. एकही शब्द चुकीचा नव्हता.

"मेहकरले पुस्तक लागलं," चिखली म्हणाला. हा माझ्याच वयाचा, चहाडखोर आणि लाडका. "पलटवा बे पान."

 आणि मग एक टिचकी. एकच.

ही एक टिचकी मला नेहमी मिळायची. इतर टिचक्या 'टक्' अशा बोथट वाजायच्या, पण ही जरा वेगळी, 'टिण्' अशी. मी ठरवून टाकलं होतं की ती बुलढाण्याची. बुलढाणा आमच्यात सर्वांत ज्येष्ठ, कमी बोलणारा, लोक ज्याला साहेब म्हणत असा. मोताळ्याच्या थट्टेला तो सगळ्यांसारखं नखानं टकटक करत असेल, पण ज्ञानाची गोष्ट निघाली की फाउंटन पेनच्या टोपणानं मारत असणार. त्या टोपणावर मी दिवस काढले.

मोताळ्याच्या गोष्टी मात्र वायरीच्या बाहेर फिरायच्या. सरकारनं ठेंगणी संकरित ज्वारी आणली तेव्हा तो म्हणाला होता, "दाना सरकारनं तपासला, मंजूर. कडबा तपासला कोन? म्हशीले विचारलं काय?" चिखलीनं ते हॉटेलात सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं जानेफळला चाललो होतो, तर कंडक्टरनं मला तिकीट देता देता तोच विनोद सांगितला. वर म्हणाला, मोताळ्याकडे कोणी फार हुशार माणूस आहे म्हणतात. माझ्या बोर्डावरून गेलेला विनोद मला माझ्याच तालुक्यात तिकिटाबरोबर मिळाला. मी उरलेले पैसे न मोजता खिडकीबाहेर पाहत बसलो.

परदेशात कुठे माणसाचं हृदय बदललं, त्यावर तो म्हणाला, "काळीज बदललं, हाव, बदललं. पन घरी गेल्यावर त्यानं बायकोले ओयखलं काय? हे तपासलं कोन?" टिचक्यांचा पाऊस पडला. एरवी तो लगेच पुढच्या बातमीवर जायचा. त्या दिवशी गेला नाही. तारांतला वारा तेवढा वाजत राहिला, आणि मला वाटलं, आता याच्याकडचा मसाला संपला.

मग मीही विनोदाला लागलो. मुंबईत कुठल्याशा कचेरीत हजार कारकुनांचं काम करणारं गणितयंत्र बसलं अशी बातमी होती. मोताळ्यानं ती आदल्या दुपारी घेतली नव्हती, आणि संध्याकाळच्या पेपरमुळे ती मलाही ठाऊक झाली होती. मी सकाळी आरशासमोर उभं राहून तयारी केली. दुपारी म्हणालो, "या यंत्राला रजा लागत नाही, त्यामुळे त्याच्या मामा-मावशांना मरण्याची सोय राहिली नाही." विनोद वाईट नव्हता असं मला अजूनही वाटतं. पण कोणी काही बोलेना, म्हणून मी तो समजावून सांगितला.

"मेहकर, लाइन गेली काय हो?" बुलढाण्यानं विचारलं.

"लाइन हाय," चिखली म्हणाला. "आमीच गेलो."

आणि मग, 'टिण्'.

लगोलग मोताळ्यानं तीच बातमी उचलली. "हजार कारकुनायचं काम करते, मंजूर. पन हजार कारकुनायच्या चुका कोन करंल?" चिखलीनं इतक्या टिचक्या मारल्या की माझ्या कानाला इजा झाली.

पुढे एकदा मलकापूरला मावशीच्या घरी लग्न निघालं. गाडी मोताळ्याला थांबली, तो दिवस बाजाराचा, गाडी काही लवकर हलणार नव्हती. मी उतरून पोस्टात गेलो. ज्याच्यावर आपण इतके दिवस जळतो, तो दिसतो कसा ते तरी पाहावं.

बोर्डासमोर एक बारकासा गृहस्थ बसला होता. स्वच्छ धुतलेला सदरा, त्याच्या दोन गुंड्या दोन रंगांच्या. पोस्टमास्तरांनी नाव सांगितलं, सोनाजीराव. मी माझं नाव सांगितलं, पण त्यांना ते पोचलं नाही. मी "मेहकर" म्हणालो तेव्हा उठून उभे राहिले.

"या मेहकर. बसा. आवाजावरून तुमी जाड वाटत होते."

एवढं बोलून थांबले. मला वाटलं होतं, आता सुरू होतील. पण समोरासमोर सोनाजीरावांना बोलणं सुचत नव्हतं. चहा मागवला. तो आल्यावर "घ्या" म्हणाले. मग बराच वेळ आम्ही बाजारातला गलका ऐकला. पोस्टमास्तर मला हळूच म्हणाले, "सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतात. घरी जाऊन बोलतील कोणाशी?" मी ते ऐकलं, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

सोनाजीरावांनी कप धरला होता, त्या हाताच्या बोटात काळी लोखंडी अंगठी होती. घोड्याच्या नालेची, शनीसाठी किंवा दुखण्यासाठी घालतात ती. साऱ्या जगाच्या शास्त्रज्ञांना "तपासलं कोन" विचारणाऱ्या माणसाच्या बोटात घोड्याची नाल!

खरं सांगतो, लग्नात मी काय जेवलो ते मला आठवत नाही. परतीच्या गाडीत मी त्या अंगठीला घडी घातलेल्या नव्या कपड्यासारखं जपून आणलं.

संधी लवकर आली. सांधेदुखीवर नवीन औषध निघाल्याची बातमी होती. मोताळ्यानं ललकारी दिली, बातमी सांगितली, दम खाल्ला. "बरं. पन हे तपासलं कोन?"

"मोताळा, मेहकर बोलतोय," मी म्हणालो. या वेळी आरशाची तयारी नव्हती, आणि आवाजही पुस्तकी निघाला नाही. "औषधाचं राहू द्या. तुमच्या बोटात घोड्याची नाल हाय, थे तपासलं कोन?"

'टक्' करून चिखलीची टिचकी आली. लगेच दुसरी 'टक्', ती बुलढाण्याची. "मेलो बे, मेलो," चिखली म्हणाला. बुलढाणा चक्क हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाइन माझी झाली होती. मी खुर्चीत ताठ बसलो.

 मग मोताळा बोलला, ललकारी न देता.

"बायकोनं घातली होती. माह्या खांद्यातून कळ निघे. तिनं मलकापुरातून करून आनली. म्या लय हसलो तिले. म्हनलं, हे तपासलं कोन? थे म्हने, घालून तर पाहा."

तारांत वारा वाजत होता.

"आता थे नाही. आन् तपासाचं म्हनजे काढून पाहा लागते, मेहकर."

  मला वाटलं, आता तो वायर काढून ठेवेल. तेवढ्यात भोंग्यावर टिचकी वाजली.

'टिण्'.

माझ्या विनोदाची, त्याच्याकडची, उरलेली टिचकी. रीतीप्रमाणे त्यानं ती दिली होती. पण चिखलीची 'टक्' नुकतीच ऐकली होती, बुलढाण्याची 'टक्' नुकतीच ऐकली होती. फाउंटन पेनचं टोपण कुठेच नव्हतं. भोंग्यावर लोखंड वाजलं होतं. विद्युतचुंबकीय लहरींवर वाजलं होतं ते हेच, आणि मरायची सोय नसलेल्या मामा-मावशांवरही हेच.

मला पहिल्यांदा आला तो रागच. ज्याच्यावर जळावं, त्यानंच आपल्याला इतके दिवस एकट्यानं ऐकत राहावं, हे मला फार गैरसोयीचं वाटलं. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण जे सुचलं ते सगळं पुस्तकातलं होतं. मग मी बोट वाकवलं आणि एक टिचकी मारली. नखाच्या कडेनं नाही, भरपूर.

वारा जरा थांबला.

"आली," मोताळा म्हणाला. "साफ आली, मेहकर."