पोटाचं केळवण

अशोकराव टेंब्यांनी सोफ्यावरून उठण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा टीव्हीवरच्या रायपूरच्या बाई ट्रॉलीवरून ऑपरेशन थिएटरमध्ये चालल्या होत्या. तिसऱ्या प्रयत्नात अशोकराव उभे राहिले, तोवर त्या बाई निम्म्या होऊन, जीन्स घालून समुद्रकिनाऱ्यावर धावतही होत्या.

"बघितलंत?" जयवंतीबाई म्हणाल्या. "पाऊण तासात काम तमाम!"

"त्यात तीनदा जाहिराती," अशोकराव धापा टाकत म्हणाले.

'अब हल्के हो जाओ' हा कार्यक्रम देवासच्या टेंब्यांच्या घरात दर रविवारी अकराला लागायचा. प्रत्येक भागाची रीत ठरलेली. आधी जाडा माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि बासरी वाजते. मग घरचे लोक त्याच्या आवडीचं ताट वाढतात, तो रडत रडत शेवटचं पोटभर जेवतो. मग हिरव्या कपड्यांतले डॉक्टर, ढोल, जाहिरात. जाहिरात संपली की तोच माणूस जुन्या पँटच्या एका पायात उभा! मधे दोन सेकंद सुपाची वाटी दिसते, तेवढंच. जयवंतीबाईंनी असे बासष्ट भाग पाहिले होते. पोट कसं कापतात हे त्या शेजारणींना भाजी निवडता निवडता समजावून सांगत.

अशोकरावांना मात्र समुद्रकिनाऱ्यावर धावायचं नव्हतं. त्यांना फक्त पाटावर बसायचं होतं. धाकट्या वैष्णवीचं लग्न धारच्या विहंगशी ठरलं होतं आणि मुहूर्ताला दोन महिने उरले होते. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या मुंजीत ते पाटावर बसले आणि उठवायला चार माणसं लागली. त्याचा व्हिडिओ महाराष्ट्र समाजाच्या ग्रुपवर तीन दिवस फिरला. तेव्हापासून घरात हळू आवाजात एक वाक्य ऐकू यायचं, "कन्यादान गणपतदादा करतील, काय बिघडलं?" थोरल्या भावाबद्दल अशोकरावांची काही तक्रार नव्हती. पण पोरगी त्यांची होती, आणि तिचा हात त्यांना स्वतःच्याच हातांनी द्यायचा होता. 

शेवटी दोघं इंदूरला गेले. डॉक्टर श्रिया चिमुकल्या चणीच्या आणि भरभर बोलणाऱ्या. त्यांनी अशोकरावांना तपासलं, वजन एकशे अठरा भरलं, तारीख दिली वीस. अशोकराव रक्त द्यायला आत गेले, तेवढ्यात नर्सने जयवंतीबाईंच्या हातात एक कागद ठेवला. "पंधरा दिवस फक्त पातळ आहार," एवढं म्हणून ती पुढच्या पेशंटकडे वळली.

घरी येऊन जयवंतीबाईंनी तो कागद फ्रिजवर चिकटवला.

"हे कधीपासून घ्यायचं?" अशोकरावांनी विचारलं.

"ऑपरेशननंतर. सूप नंतरच देतात, सगळ्या भागांत तसंच आहे."

"आणि आधी?"

"आधी काय असतं? आवडीचं ताट!"

बासष्ट भागांपुढे अशोकराव काय बोलणार? जयवंतीबाईंनी गणपतरावांना फोन लावला. "भावजी, वीस तारखेनंतर ह्यांचं पोट लिंबाएवढं राहणार. एकदा जेवायला बोलवा."

"म्हणजे केळवणच की!" पलीकडून गणपतराव गरजले.

झालं. लग्नाआधी नवरदेवाला जेवायला बोलवतात, तसं अशोकरावांच्या पोटाला बोलावणं सुरू झालं. गणपतरावांकडे ताटाभोवती रांगोळी होती. वहिनींनी ओवाळलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि बासुंदीचं पातेलं पुढ्यात आणलं.

"दादा, डॉक्टरांनी काहीतरी पातळ खायला सांगितलंय," अशोकराव चुळबुळत म्हणाले.

"बासुंदी काय घट्ट असते? आण गं, अजून एक वाटी!"

ही बातमी अशोकराव ज्याचं स्टोअर सांभाळत त्या कारखान्यात पोचली. त्यांच्या हाताखालचा हर्षित जवळच्या पीपलरावां गावचा. त्याच्या शेतावर पुढच्याच रविवारी शेणीच्या आरावर बाफले, म्हणजे उकडलेले कणकेचे गोळे, भाजले गेले.

"भिया, बाद में तो कटोरी-भर दाल भी नी जाएगी," हर्षितने तुपात बुडवलेला चौथा बाफला त्यांच्या पानात टाकला. "मेरी कसम, एक और!"

कसम मोडणं बरं नव्हे म्हणून त्यांनी तो खाल्ला, आणि हर्षितच्या आईची कसम वेगळी म्हणून पाचवा. मग पुरणपोळीवाले देशपांडे, मग साबुदाणेवड्यांचं महिला मंडळ. एका घरी जेवलात आणि आमच्या घरी नाही, असं म्हणून रुसणारी माणसं निघाली. त्यांचे रुसवे काढण्यात आणखी चार जेवणं गेली. वैष्णवी तेवढी कुरकुरली, "बाबा, डॉक्टरना एक फोन कर लो ना!" पण तिची आई म्हणाली, "तू एक तरी भाग पूर्ण पाहिलायस का?"

अशोकरावांना आता एका जागी चैन पडेना. ते घरभर येरझाऱ्या घालत, फ्रिजपाशी थांबून कागद वाचत आणि पुन्हा चालू लागत. एका दुपारी स्टोअरमध्ये कोणी नाही असं बघून ते पोती मोजायच्या काट्यावर चढले. काटा एकशे चोवीसवर थांबला. काटाच बिघडला असेल, म्हणून त्यांनी नट-बोल्टांचं पन्नास किलोचं पोतं त्यावर ठेवून पाहिलं. पोतं बरोबर पन्नास भरलं. अशोकरावांना दरदरून घाम फुटला.

"अगं, सहा किलो वाढलं!" त्यांनी तिथूनच बायकोला फोन केला.

"वाढू दे हो. आधीचा आकडा जितका मोठा, तितका नंतरचा फरक दिसतो."

वीस तारखेला डॉक्टर श्रियांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"काका, ये क्या है? पाच किलो कमी करून यायचं होतं. सहा वाढवलेत?"

"केळवणं झाली," अशोकराव मान खाली घालून म्हणाले.

"कोणाची?"

"माझी."

जयवंतीबाईंनी पदर सावरून सगळा प्रकार सांगितला. डॉक्टर आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "काकू, तो पातळ आहार आधीचा होता. त्याने लिव्हर लहान होतं, म्हणून पोटापर्यंत नीट पोचता येतं. नंतरही सूप आहेच, आणि चालणं, गोळ्या, तपासण्या, वर्षभर. आज मी यांना हात लावणार नाही."

"पण टीव्हीवर तर असलं काही दाखवत नाहीत!"

"पंधरा दिवस दुधीचं सूप पिणारा माणूस कोण बघत बसेल, काकू? तुम्ही तरी बघितला असता का?"

जयवंतीबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नकारार्थी मान हलवली. नवी तारीख मिळाली ती लग्नानंतरची. पातळ आहार मात्र त्याच दिवसापासून सुरू करायचा होता. "निदान सवय तरी होईल," डॉक्टर म्हणाल्या.

दोघं गाडीने परत निघाले. देवास जवळ आल्यावर अशोकराव म्हणाले, "दादाला सांग, कन्यादान तूच कर म्हणावं."  जयवंतीबाईंनी काचेकडे तोंड फिरवून डोळे टिपले. आपल्या बासष्ट भागांचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

संकट एवढ्यावर थांबलं नाही. ऑपरेशन पुढे गेल्याचं वैष्णवीकडून कळताच, दुसऱ्याच दिवशी धारला जेवायला या, असा व्याह्यांचा निरोप येऊन पडला. व्याही शरच्चंद्र किबे म्हणजे जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांचं घराणं. बोलणं छापील, सोवळं कडक. नाही म्हणायची सोय नव्हती. अशोकराव जयवंतीबाईंबरोबर, दुधीच्या सुपाचा थर्मास घेऊन निघाले. कन्यादान दादा करणार हेही आता तोंडानेच सांगावं लागणार होतं.

किब्यांच्या घरी दारातच विहंगच्या आई कमलताईंनी पायांवर पाणी घातलं. आत पाहतात तो काय, जमिनीवर समोरासमोर दोन पाट, चांदीची ताटं, उदबत्त्या.

"बसावे," शरच्चंद्र म्हणाले. ते स्वतः काठीसारखे वाळके. पण पाटाकडे बघून तेही दोन क्षण थांबलेले दिसले.

आता नाही म्हणणार कसं? अशोकरावांनी भिंत धरली, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला आणि धप्पकन बसले. ताटं हलली. शरच्चंद्रही ओठ आवळून समोर बसले. कमलताईंनी पुरणपोळी वाढायला घेतली, तेवढ्यात अशोकरावांनी ताटावर हात आडवा धरला.

"विहीणबाई, मला चालायचं नाही. मी हे आणलंय," असं म्हणून त्यांनी थर्मास उघडला. घरभर दुधीचा वास पसरला.

शरच्चंद्रांच्या भुवया वर गेल्या. मग अशोकरावांनी काही लपवलं नाही. बासुंदी सांगितली, बाफले सांगितले, पोत्यांचा काटाही सांगितला. शेवटी हात जोडले. "व्याही, मी आत्ता बसलोय तो काही आपणहून उठू शकणार नाही. लग्नात हीच गत होणार. कन्यादान माझा भाऊ करील, राग मानू नका."

शरच्चंद्रांनी आपलं ताट जरा बाजूला सरकवलं.

"अशोकराव, मलाही उठता येत नाही."

"काय?"

"गुडघे गेले आहेत. सहा वर्षे झाली, मी पाटावर बसलो नव्हतो. जयवंतीवहिनींनी फोनवर अभिमानाने सांगितले, आमचे हे लग्नात मांडी घालूनच बसणार. म्हटले, मुलीकडची मंडळी फार कर्मठ दिसतात. गेला महिनाभर मी रोज सकाळी दार लावून बसण्याचा सराव करतो आहे. बसणे जमते. पुढचे विहंग करतो."

जयवंतीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अशोकरावांच्या पोटातून हसू उसळून आलं, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही.

"मग व्याही, एक विचारू? खुर्चीवर बसून केलेलं कन्यादान चालेल तुम्हाला?"

"अहो, हेच तुम्हाला कसे विचारावे म्हणून मी शब्द जुळवीत होतो! दोन खुर्च्या मांडू. भटजींना मी बघतो. मुलीचा हात बापानेच द्यायचा."

हसण्याचा गलका ऐकून विहंग धावत आला आणि दोन्ही बापांकडे बघत उभा राहिला. "अरे यार! पहले किसको उठाऊँ?"

"आधी यांना," अशोकराव हात जोडून म्हणाले. "वरपक्ष आहे, मान त्यांचा."

"छे छे! पाहुणे ते आहेत. आधी त्यांना," शरच्चंद्र म्हणाले.

"असं कसं? तुम्ही वडील!"

"आमच्या घरी असे चालत नाही, अशोकराव!"

विहंगने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, एक खुर्ची ओढली आणि पुरणपोळीचं ताट घेऊन निवांत जेवायला बसला.