फायनल करायचं का?

साधी बुरशी होती. व्हिडिओ कॅसेटचं झाकण नखाने उचकटून पाहिलं तर टेपच्या कडेला पिठाचा हात लागल्यासारखं पांढरं काहीतरी दिसलं, आणि तेवढ्यावर भविष्यकाळाने ठरवून टाकलं की या घरातलं टेपचं युग आजपासून संपलं.

(भविष्यकाळ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वाचनालयात नोकरी लागली त्या पहिल्याच महिन्यात त्याने लाकडी खणांमधली पुस्तकांची सगळी कार्डं काढून गठ्ठे बांधले होते, कारण कॉम्प्युटर येणार होता. कॉम्प्युटर आला नाही. ती कार्डं परत लावताना मेहुण्याने हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं.)

कॅसेट मात्र गमतीची गोष्ट नव्हती. चार वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने मित्राचा कॅमेरा आणून सासुरवाडीची दुपार टिपली होती. पुढे दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज आता जगात त्या एका कॅसेटमध्येच उरला होता. सासरे निवृत्त घड्याळजी. ते येऊन महिन्यातून एकदा ती लावून बघत, आणि हल्ली बघता बघता पडद्यावर मुंग्या धावू लागल्या होत्या. येत्या रविवारी सासऱ्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती.

"डिस्कवर घेऊ," भविष्यकाळ म्हणाला. "डीव्हीडी. शंभर वर्षं टिकते."

"कोणी शंभर वर्षं ठेवून बघितलीय?" बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. एरवी ती त्याला 'अरे' म्हणे. फार रागावली की 'अहो' म्हणे, आणि त्या 'अहो'ला घरातली भांडीसुद्धा घाबरत.

डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारं यंत्र तेव्हा बाजारात नवं नवं आलेलं. ते घरी आलं तेव्हा खोका सोफ्याहून मोठा वाटला. मग तो कोऱ्या डिस्क आणायला गेला. दुकानदाराने दोन गठ्ठे पुढे ठेवले. एकावर अधिकचं चिन्ह, दुसऱ्यावर आडवी रेघ.

"फरक काय?"

"दोन कंपूंचं भांडण आहे साहेब. हे अधिकवाले, हे वजावाले. वजा म्हटलेलं त्यांना आवडत नाही, रेघ म्हणायचं. तुमचं यंत्र कोणाचं?"

यंत्र कोणाचं हे बघून यायला दहा मिनिटं लागली असती. भविष्यकाळाकडे दहा मिनिटं कधीच नसत.

"वजा कोण घेईल? अधिक द्या," तो म्हणाला. ज्याच्या नावातच उणं आहे त्याला भविष्य कुठलं, असं वर एक छोटं भाषणही त्याने दुकानदाराला दिलं.

यंत्र वजावाल्यांचं निघालं. पहिली डिस्क त्याने जीभ काढावी तशी बाहेर काढली. दुसरी काढली. पाचवीला भविष्यकाळ यंत्राला म्हणाला, "अरे, जग जोडायचं सोडून तुम्ही रेघा कसल्या मारत बसलात?" यंत्राने सहावी काढली.

"दहा डिस्क आणल्या, दहा परत आल्या," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली. "बाकी शून्य. अधिक वापरूनसुद्धा."

गठ्ठ्याचं वेष्टण फोडलेलं, त्यामुळे दुकानदार परत घेईना. शेवटी त्या सासऱ्यांनी नेल्या. डिस्क टेबलावर तिरपी उभी केली की दिव्याचा उजेड नेमका घड्याळाच्या पोटात पडतो, असा त्यांनी शोध लावला. "छान आहेत," ते म्हणाले. "ह्या वाजतात पण का?"

शनिवारी सकाळी रेघवाली डिस्क यंत्रात गेली, कॅसेट जुन्या व्हीसीआरमध्ये गेली, मध्ये वायर जोडली आणि कॉपी सुरू झाली. कॅसेट दीड तासाची, तर कॉपीलाही दीड तास. मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही, असा हुकूम त्याने सोडला आणि स्वतःच घरभर चालायला लागला. गॅलरीत गेला. आत आला. माहितीपुस्तिकेची चार पानं वाचली, तिच्यातल्या भाषेवर चिडला. पुढची वीस वर्षं माणसं आपापली सुखदुःखं स्वतः डिस्कवर कशी लिहितील, हे त्याने इस्त्रीवाल्याला दारात उभं करून समजावलं. इस्त्रीवाला म्हणाला, "कपडे किती आहेत?"

तो आत आला तेव्हा कॉपी संपली होती. पडद्यावर प्रश्न उभा होता: डिस्क फायनलाइज करायची का? यानंतर कोणताही बदल करता येणार नाही.

बदल करता येणार नाही! ज्याने कॉलेजात तीन वर्षं बदलासाठी घोषणा दिल्या, त्याला हे वाक्य एखाद्या हुकूमशहासारखं वाटलं. शिवाय सुरुवातीला एक सुंदर नाव टाकायचं होतं, ते अजून सुचलं नव्हतं. त्याने ठामपणे 'नाही' दाबलं.

मग तो कॅसेट काढायला गेला. व्हीसीआर अजून ती मागे गुंडाळत होता. त्याने थांबायला हवं होतं. त्याने बटण दाबलं, मग व्हीसीआरच्या झाकणात बोट घातलं आणि ओढलं. कॅसेट हातात आली, टेप आतच राहिली. आतून कराकर आवाज आला. नंतर जे बाहेर निघालं त्याला टेप म्हणण्यापेक्षा शेवया म्हणणं बरं.

बायको दारात उभी होती. तिने 'अहो'सुद्धा म्हटलं नाही.

"आलंय सगळं डिस्कवर," तो घाईने म्हणाला. त्याने लगेच लावून दाखवलं. पडद्यावर सासूबाई खिडकीशी बसून शर्टाला गुंडी लावत होत्या. बायको बराच वेळ बघत राहिली, मग तिने डोळे पुसले आणि ती डिस्क स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

रविवारी सासऱ्यांकडे मंडळी जमली. मेहुण्याने वडिलांसाठी नवा डीव्हीडी प्लेअर आणला होता. खुर्च्या मांडल्या, पडदे ओढले. भविष्यकाळ उभा राहून म्हणाला, "टेपला मागे-पुढे पळवत बसायचे दिवस गेले. आता पाहिजे त्या क्षणावर एका बटणात." आणि त्याने डिस्क आत सारली.

पडद्यावर आलं: डिस्क नाही.

त्याने काढून पुसली, परत घातली. डिस्क नाही.

"डिस्क आहे ना पण?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे की बाबा."

"मग ते नाही का म्हणतंय?"

मेहुण्याने माहितीपुस्तिका उघडली आणि मोठ्याने वाचलं, "फायनलाइज न केलेली डिस्क दुसऱ्या यंत्रावर चालणार नाही." त्याने वर बघितलं. "भावोजी, फायनल केलं होतंत ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. सासरे त्याच्याकडे बघत नव्हते. ते रिकाम्या निळ्या पडद्याकडे बघत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. कॅसेटच्या शेवया घरी कचऱ्याच्या डब्यात होत्या, हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"यंत्रच घेऊन येतो," भविष्यकाळ म्हणाला.

मेहुण्याने गाडी काढली. वाटेत तो एवढंच म्हणाला, "भविष्यकाळ आहात खरे. नेहमी अजून यायचेच असता." परतताना यंत्र भविष्यकाळाच्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तो त्याला बाळासारखं सावरत होता. पण मुळात डिस्क त्याच्याच गडबडीत बिघडली असेल तर? या विचाराने त्याने तीनदा गाडी सावकाश घ्यायला सांगितली आणि चारदा जोरात.

वायरी जोडल्या. डिस्क आत गेली. यंत्र घरघरलं आणि सासूबाई खिडकीशी आल्या.

त्या गुंडी लावत, मुलाला रागवत, नवऱ्याला चष्मा कुठे ठेवला ते सांगत घरातल्या सगळ्या माणसांशी एकाच वेळी बोलत होत्या. मग नेहमीचा शेवट आला: चित्र डगमगलं, तिरपं झालं आणि पडद्यावर फक्त टेबलाचा पाय आणि भिंत उरली. त्या दिवशी त्याने कॅमेरा बंद न करताच टेबलावर ठेवला होता. इथे आला की प्रत्येक जण कॅसेट थांबवत असे. भविष्यकाळ रिमोट शोधायला उठला. काल कॉपी करतानाही हे थांबवायला हवं होतं, पण तेव्हा तो इस्त्रीवाल्याला भविष्य सांगत होता.

रिमोट मेहुण्याच्या मुलीच्या खाली सापडेपर्यंत सहा मिनिटं टेबलाचा पाय चालला. आणि अचानक भिंतीमागून सासूबाईंचा आवाज आला.

"गेला का तो? मुलगा गुणी आहे हो आपला जावई. मनाने लख्ख. फक्त हातातलं पुरं करायच्या आत त्याला पुढचं सुचतं. हे बघा, कॅमेऱ्याचं झाकणही लावलं नाही. आणि हा तांबडा दिवा कसला लागलाय?"

पडदा काळा झाला.

हे बोलणं कोणीच कधी ऐकलं नव्हतं. चार वर्षं ते टेबलाच्या पायापलीकडे वाट बघत बसलं होतं. मग मेहुणा हसायला लागला, त्याच्यामागून सगळे, आणि सासरे हसता हसता रुमाल शोधायला लागले.

"परत लाव," ते म्हणाले. "शेवटचंच."

एका बटणात लागलं. "मुलगा गुणी आहे हो..."

"टेपवर हे शोधायला अर्धा तास गेला असता," सासरे म्हणाले. "चांगलं यंत्र आहे रे. परत लाव."

सात वेळा लावल्यावर मेहुणा म्हणाला, "आता फायनल करून टाका भावोजी." पडद्यावर तो प्रश्न पुन्हा आला: यानंतर कोणताही बदल करता येणार नाही. त्याच्याखाली आणखी एक पर्याय होता, काल त्याने न बघितलेला: शेवटचा भाग काढून टाकायचा का? भविष्यकाळाचा अंगठा हळूच त्या बाजूला सरकला. सुरुवातीला नाव टाकायचं होतं, ते त्याला अजून सुचलं नव्हतं, हेही त्याला आत्ताच आठवलं.

मागून बायकोचा आवाज आला.

"अहो."

त्याने अंगठा मागे घेतला आणि वरच्या प्रश्नाला 'होय' दाबलं.