टिपणीस मॅडमची सुतळी

आमच्या ऑफिसात रुजू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी टिपणीस मॅडमनी म्हात्रे मामांच्या कमरेला सुतळीचा गुंडा बांधला.

सुतळीचं एक टोक तक्रार खिडकीच्या गजाला गाठ मारून अडकवलं आणि म्हणाल्या, "आता रोज करता तसंच काम करा. मी इथे नाहीच असं समजा."

म्हात्रे मामा आमचे सगळ्यात जुने लाइनमन, दिवा गावचे. खांबावर चढून वरून खालच्यांशी निवांत गप्पा मारणारा माणूस. पण त्या सकाळी त्यांचा चेहरा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा झालेला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सावंत साहेब, बाई ठीक हाय ना?"

मला तरी कुठे माहीत होतं! मी तिथे कनिष्ठ अभियंता. डोंबिवलीहून रोज कळव्याला यायचो. ऑफिस वीज कंपनीचं, हद्द कळव्यापासून दिव्यापर्यंत. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, अजून तिथेच नोकरी आहे. टिपणीस मॅडम ठाण्याहून बदलून आलेल्या. आमच्या ऑफिसच्या प्रमुख, म्हणजे माझ्या साहेब.

तेवढ्यात तक्रार आली. एका सोसायटीत जिन्याखालच्या पेटीतला फ्यूज उडालेला. मामा चिठ्ठी घेऊन नोंदीसाठी हेडक्लार्क साळुंख्यांकडे गेले. तिथून सहीला माझ्याकडे. सही घेऊन स्टोअरला. स्टोअरला कुलूप, किल्ली साळुंख्यांकडे, म्हणून परत साळुंखे. साळुंखे चहाला. फ्यूजची तार मिळाली तर हातमोजे वरच्या मजल्यावर. हातमोजे मिळाले तर गाडीची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर पुन्हा माझी सही. मामा जातील तिथे सुतळी त्यांच्यामागे. टेबलांच्या पायांतून, खुर्च्यांच्या पाठीवरून, वॉटर कूलरला वळसा घालून. बिलाची तक्रार घेऊन आलेले एक आजोबा तिच्यात अडकले आणि "हे काय नवीन काढलंत?" म्हणत तिथेच बसून राहिले.

मॅडम खुर्चीवर उभ्या राहून सगळं वरून बघत होत्या. देवळात आरतीला उभ्या असाव्यात तशा, टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी.

मामा गेटशी पोचले आणि सुतळी संपली.

"सावंत," मॅडम म्हणाल्या, "माणूस अजून गेटबाहेर पडला नाही. तिकडे लोक पंख्याशिवाय बसलेत."

कुणी हसलं नाही. त्याच जागेत इतकी वर्षं काम करून आपण दिवसभर नुसते गरगरतोय हे आम्हाला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलेलं. आठवड्याभरात स्टोअर तक्रार खिडकीच्या शेजारी आलं. हातमोजे, टेस्टर, पक्कड, पाने एका मोठ्या फळीवर टांगले गेले आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्या आकाराची पांढरी रेघ काढली गेली. एखादी पक्कड जागेवर नसली की तिची नुसती रेघ दिसायची आणि ज्याने ती नेली असेल तो बिचारा जेवता जेवता उठून आणून लावायचा. माझ्या दोन सह्या गेल्या. सही गेली की माणसाला थोडं रिकामं वाटतं, खोटं कशाला बोलू!

मॅडम पन्नाशीच्या. सुती साडी, पायात लाइनमनचे असतात तसे जाड रबरी तळाचे बूट, आणि ब्लाउजला पेन लावावं तसा पर्सच्या पट्ट्याला टेस्टर लावलेला. ठाण्यात नौपाड्यात राहायच्या. यापलीकडे कुणाला काही माहिती नव्हती. डबा एकाच कप्प्याचा, पोळीत भाजी गुंडाळून आणलेली. साळुंख्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "धुवायला एकच भांडं."

आणि एक प्रश्न. कुठलाही कागद, कुठलीही फेरी, कुठलीही मीटिंग समोर आली की त्या शांतपणे विचारायच्या, "यात वीज कुठे आहे?"

साळुंख्यांचं जाडजूड रजिस्टर होतं. त्यातली नोंद बघून दुसऱ्या रजिस्टरमध्ये नोंद व्हायची. मॅडमनी दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवली.

"मॅडम, हे मूळ रजिस्टर. आणि ही त्याची प्रत."

"दिसलं. यात वीज कुठे आहे?"

"वीज... म्हणजे वीज नाही मॅडम. रेकॉर्ड आहे."

"म्हणजे यातून कुणाच्याही घरात दिवा लागत नाही."

साळुंखे दोन दिवस दोन्ही रजिस्टरं पुढ्यात घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःच ते दुसरं रजिस्टर कपाटात ठेवून आले. येताना चेहरा असा, जसे काही लेकीला सासरी सोडून आलेत.

मी मॅडमच्या इतका नादी लागलो की घरी जाऊन चहा-साखरेचे डबे गॅसच्या जवळ आणून ठेवले. बायको म्हणाली, "डबे होते तिथे ठेव. आणि तुझ्या मॅडमना सांग, माझ्या स्वयंपाकघरात वीज भरपूर आहे."

या सगळ्याला लीन मॅनेजमेंट म्हणतात हे आम्हाला नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं. साळुंख्यांना कुणीतरी सांगितलं की लीन म्हणजे सडपातळ, तर त्यांनी सोमवारपासून भात सोडला.

पण खरे थक्क झालो ते कागदाच्या वेळी. आमच्याकडे जादा ट्रान्सफॉर्मर नव्हता. एखादा जळाला की ठाण्याच्या मोठ्या ऑफिसला अर्ज जायचा आणि तिथून मंजुरी यायची तेव्हा यायची. मॅडमनी एक अर्ज हातात घेतला आणि त्याच्यासोबत ठाण्याला गेल्या. मला बरोबर नेलं. ज्या टेबलावर अर्ज ठेवला त्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

तिथले साहेब गोंधळले. "मॅडम, तुमचं अजून काही काम आहे?"

"माझं नाही. मी या कागदाला सोबत करतेय. तो आता काय करतोय?"

"तो पेंडिंग आहे."

"म्हणजे काय करतोय?"

साहेबांनी कागदाकडे बघितलं. मग आमच्याकडे. "पडलाय," म्हणाले.

मॅडमनी वहीत वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, पडलाय. दोन दिवस आम्ही टेबलामागून टेबल तसेच हिंडलो. वहीत 'वाचला' दोनदा आलं, 'सही झाली' दोनदा, आणि बाकी पानभर 'पडलाय'. ते पान त्यांनी वरच्या साहेबांपुढे ठेवलं. तक्रार नाही, आवाज नाही. साहेबांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. महिन्याभरात एक जादा ट्रान्सफॉर्मर आमच्या आवारात येऊन उभा राहिला.

तो लागला मे महिन्यात. दिव्याला भर दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. दिव्यात लाईट गेली म्हणजे नुसता पंखा बंद होत नाही. नळाला पाणी येतं तेवढ्या वेळात पंप चालला नाही तर इमारतच्या इमारत कोरडी राहते. संध्याकाळी पाण्याची वेळ होती. आम्ही पोचलो तर दोनशे माणसं जमलेली. बायका रिकामे हंडे घेऊन पुढे. एकजण ओरडत होता, "उद्या होईल, परवा होईल, हेच सांगणार ना?"

मॅडमनी गाडीतून फळा काढला. खरंच, शाळेतला काळा फळा. भिंतीला टेकवून त्यावर कामाच्या पायऱ्या एकाखाली एक लिहिल्या आणि म्हणाल्या, "एक काम झालं की इथे खूण होईल. तुम्हीच बघा."

क्रेन आली. जुना उतरला, खूण. नवा चढला, खूण. सामान सगळं लागेल त्या क्रमाने ताडपत्रीवर मांडलेलं, मामांनी नुसता हात मागे करायचा. गर्दीचा आवाज हळूहळू बदलला. मघाशी ओरडणारा आता मागच्यांना सांगत होता, "अर्धं झालं. केबल जोडतायत. ढकलू नका रे."

सगळं जोडून झालं, वेळही थोडीच उरलेली, आणि मॅडम थांबल्या.

"मामा, अर्थिंग पुन्हा तपासा."

"मॅडम, आताच तपासला."

"मी बघितलं. पुन्हा तपासा."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, टाइमपास कशाला? पाणी जाईल!"

मॅडम वळल्या. आवाज तसाच, वरणभात वाढल्यासारखा. "या माणसाला संध्याकाळी घरी जायचंय. तुमचा हंडा दहा मिनिटं उशिरा भरेल. चालेल ना?"

एक बाई पुढून म्हणाली, "चालेल. करा तुम्ही नीट." मामांनी पुन्हा तपासलं. माणसं खाली उतरली, मोजली गेली, मग स्विच वर गेला. समोरच्या इमारतीतून पंप सुरू झाल्याचा घरघराट आला आणि बायका हंडे घेऊन पळाल्या. आमचे आभार मानायलाही कुणी थांबलं नाही. मॅडमनी शेवटची खूण केली आणि फळा पुसून गाडीत ठेवला.

परतताना मामा म्हणाले, "येवरी वर्सा काम केला, पन असा काम नाय बगितला."

त्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दर सोमवारी आम्ही परत परत येणाऱ्या तक्रारी ऑफिसात फळ्यावर लिहून बघायचो. त्यात एक नाव सारखं दिसायला लागलं. कळव्यातल्या चाळीतल्या घाग आजी. दर गुरुवारी तक्रार: लाईट नाही. शेजारच्या सगळ्या घरांत असायची. मी उत्साहाने म्हणालो, "मॅडम, ही फेरी फुकट जातेय. त्यांचं आतलं वायरिंग एकदा बदलायला सांगू या."

मॅडम फळ्याकडे बघत म्हणाल्या, "ती तक्रार माझ्याकडे राहू द्या."

एवढ्या मोठ्या अधिकारी, आणि चाळीतल्या एका घराची लाईट बघायला स्वतः जाणार.

एका गुरुवारी वरून तातडीचा कागद आला. मॅडमची सही हवी, फोन उचलत नव्हत्या. मी घाग आजींचा पत्ता शोधत गेलो. दार उघडंच होतं. आत पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता, दोन नातवंडं गृहपाठ करत होती, आणि जमिनीवर मांडी घालून, बूट दाराशी काढून ठेवून टिपणीस मॅडम परातीत तांदूळ निवडत होत्या. एकेक खडा. अगदी सावकाश.

"सावंत? या," म्हणाल्या. जराही न दचकता सही केली आणि, "थांबा, चहा टाकते," म्हणून हक्काने स्वयंपाकघरात गेल्या.

मी कॉटवर बसलेल्या आजींच्या शेजारी बसलो. हळूच विचारलं, "आजी, लाईट नक्की कशाने जाते?"

आजींनी भिंतीवरच्या मेन स्विचकडे हनुवटी केली. "मीच पाडते तो."

"तुम्ही? कशाला?"

"पहिल्यांदा खरंच गेलेली. तुमची माणसं कुठेतरी अडकलेली, म्हणून ही आली. काम झालं तरी उठेना. नातवंडांचं भांडण बघत बसली. मी विचारलं, घरी कोण कोण? तर म्हणाली, आई होती, गेल्या दिवाळीनंतर गेली. बस, एवढंच." आजींनी आवाज आणखी खाली आणला. "अशी बाई काही कामाशिवाय कुणाकडे जाणारी आहे का? तिला नुसतं 'ये' म्हटलं तर लाजेल. म्हणून फोन करते. तुम्ही सांगू नका हो तिला."

आतून कपांचा आवाज आला. मी त्या स्विचकडे बघितलं. हाताने पाडलेला स्विच आणि बिघाडाने पडलेला, यातला फरक आमच्याकडे नवशिक्याला पहिल्या महिन्यात कळतो.

मॅडम चहा घेऊन आल्या. आजींच्या कपात साखर नव्हती, नातवंडांसाठी बिस्किटं होती, कुठला डबा कुठे ते मॅडमना ठाऊक होतं. पुन्हा मांडी घालून परात पुढे ओढली.

आजी मोठ्याने म्हणाल्या, "बाय, या वायरिंगचं काय खरं नाही. पुढच्या गुरुवारी पण जाईल बघ लाईट."

"जाईल," मॅडम तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. "फक्त चारनंतर जाऊ दे आजी. तीनला माझी मीटिंग असते."