टिल्लूची मोजणी

टिल्लू ओढतो, तर त्याला न ओढायला शिकवावं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात गल्लीतल्या कोणाचं काही तुटावं असा माझा हेतू नव्हता. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण सेलूत आमच्या गल्लीत यावर अजून कोणाचा विश्वास बसत नाही.

टिल्लू हा आमचा कुत्रा. शरयूचा, म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ सुमीत हिंगणीला शेती करतो. त्यानं हे पिल्लू आणून दिलं तेव्हा ते तळहातावर मावत होतं, म्हणून नाव टिल्लू. वर्षाच्या आत तो वासराएवढा झाला आणि नाव त्याला आखूड झालेल्या सदऱ्यासारखं होऊन बसलं. आणला होता नानांसाठी. आई गेल्यापासून माझे वडील फाटकाबाहेर पडले नव्हते. सकाळी ज्या खाटेवर बसायचे, त्याच खाटेवर संध्याकाळी दिसायचे. मग हे पिल्लू आलं, त्याला फिरवायला कोणीतरी हवं होतं, आणि एक दिवस नाना आपल्या चपला शोधू लागले. शरयू त्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन रडली. (मी कांदा चिरत होतो, त्यामुळे माझं कोणाला कळलं नाही.)

आणि मग नाना पडले. मी कचेरीत होतो. समोरच्या पुंडलिकरावांनी त्यांना उठवून घरात आणलं. मनगट मोडलं होतं आणि टिल्लू पट्टा जमिनीवर फरफटवत मागोमाग आला होता. कसे पडले हे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. "पडलो," एवढंच नाना म्हणाले.

शरयूनं निर्णय दिला. "प्लास्टर निघालं का सुमीतले बोलावते. टिल्लू हिंगणीले जाईन. आज हात मोडला, उद्या कंबर मोडली तर?"

"अन् नाना? ते पुन्हा खाटेवर बसले तर?"

"ते मले समजत नाई असं वाटते का तुमाले?" असं म्हणून तिनं डोळे पुसले. "शिकवा मग त्याले. नाई ओढलं त्यानं तर राहू दे."

टिल्लू नानांच्या खाटेखाली झोपला होता. चांगला हात खाली सोडून ते त्याचा कान चोळत होते.

मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक परदेशी बाई सांगत होती, की पट्टा ताणला की जागच्या जागी थांबा. पट्ट्यावर नजर ठेवा. रागावू नका. तो ढिला झाला की चाला. तिच्यामागे हिरवंगार मैदान होतं आणि चिटपाखरूसुद्धा नव्हतं. तिच्या देशात माणूस रस्त्यात उभा राहिला तर त्याला कोणी काही विचारत नसावं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी मोजणीच्या कचेरीत कारकून आहे. शेत-प्लॉट मोजणारी माणसं वेगळी, मी आलेल्या अर्जांवर शिक्के मारतो. पण गल्ली असला बारीक फरक करत नाही. गल्लीसाठी मी 'मोजणीवाले साहेब'. (घरासाठी कोण, ते जाऊ द्या.) आणि टिल्लूचा पट्टा होता चपटा, पिवळा, लांबलचक, दुरून मोजायच्या टेपसारखा.

पहिल्याच सकाळी शेजारच्या धुरपताबाईंच्या बकरीसाठी टिल्लूनं झेप घेतली. मी थांबलो. माझ्या हातापासून थेट त्यांच्या दाराच्या पायरीपर्यंत पिवळा पट्टा ताठ झाला. मी गंभीरपणे त्याच्याकडे बघत राहिलो. धुरपताबाई झाडू घेऊन बाहेर आल्या.

"काय पाहून राह्यले भाऊ?"

मी उत्तर दिलं नाही, लक्ष विचलित झालं असतं. टिल्लूला म्हणालो, "मागं. अजून मागं."

धुरपताबाईंनी पायरीकडे पाहिलं. "अजून?"

"थोडं अजून. हां, बस. एवढं पुरे."

पट्टा ढिला झाला आणि मी समाधानानं पुढे निघालो. मागे झाडू खाली पडल्याचा आवाज आला, पण मी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईंची रस्त्यात आलेली पायरी फोडलेली होती. मला वाटलं, नवी बांधत असतील. संध्याकाळपर्यंत पुंडलिकरावांचं फाटकापुढचं टिनाचं शेड उतरलं. पुंडलिकराव स्वतः चहाचा कप घेऊन माझ्यापाशी आले.

"आमचं अजून किती निघते, सांगून द्या न साहेब."

"अहो, मी कुत्र्याले शिकवून राह्यलो."

"समजलो," ते हळूच म्हणाले. "सांगाले मनाई असन. रस्ता रुंद होऊन राह्यला न?"

मी शपथ घेतली. शपथ ऐकून तर त्यांची खात्रीच पटली, कारण साध्या गोष्टीसाठी सरकारी माणूस शपथ कशाला घेईल. तेव्हापासून आम्ही ज्या फाटकापाशी थांबू तिथून कोणीतरी बिस्किट घेऊन धावत यायचं, म्हणजे साहेब लवकर पुढे सरकतील. मी खात नव्हतो. टिल्लू खात होता. तो हुशार प्राणी, त्याला लगेच कळलं की पट्टा ताणला की बिस्किट मिळतं. आधी तो फक्त बकऱ्या पाहून ओढायचा, आता प्रत्येक फाटक पाहून ओढू लागला. मी त्याला इतक्या मेहनतीनं बिघडवलं होतं, की शरयूला खरं काय ते सांगायची माझी हिंमत होईना.

नानांचं प्लास्टर निघालं. रविवारी सुमीत पिकअप घेऊन आला. गल्ली दारात उभी होती. नाना अंगणात पट्टा धरून बसले होते आणि टिल्लू शेपटी हलवत होता, त्याला वाटलं फिरायला जायचंय. माझ्यानं ते बघवेना.

"द्या नाना पट्टा," सुमीत हळूच म्हणाला.

नानांनी पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला. "हा नाई जात."

"नाना, त्यानं पाडलं न तुमाले," शरयू म्हणाली.

"त्यानं नाई पाडलं." नाना उठले आणि फाटकापाशी जाऊन आमच्या पायरीकडे बोट दाखवलं. "याच्यावरून घसरलो मी. हा तर माझी बाही तोंडात धरून मले उठवून राह्यलता."

ती पायरी मी दिवाळीला बांधली होती. चांगली रस्त्यापर्यंत आणलेली, वर चकचकीत फरशी.

"मग तवाच काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तू किती हौसेनं बसवली ते. येता-जाता रुमालानं पुसत होता. तुले वाईट वाटलं असतं." मग टिल्लूकडे पाहत म्हणाले, "पण आता हे लेकरू चाललं होतं न."

माझी फरशी दुखावू नये म्हणून हा माणूस मोडका हात गळ्यात अडकवून गप्प बसला होता. काय बोलावं ते सुचेना. शरयू नानांच्या खाटेवरची चादर उगाच सारखी करू लागली.

धुरपताबाईंना मात्र सुचलं. "आमाले मागं घ्याले लावलं, अन् साहेबाची तशीच बाहेर," त्या म्हणाल्या आणि घरात जाऊन सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आल्या. तिचा वापर नुकताच झालेला असल्यामुळे ती हाताशीच होती.

मी स्वतः पायरी फोडली. पुंडलिकरावांनी उभं राहून लक्ष ठेवलं आणि "अजून मागं," असं ते अधूनमधून सांगत राहिले. अखंड राहिलेल्या फरश्या सुमीतनं उचलल्या, म्हणाला, आलोच आहे तर रिकामी गाडी कशाला नेऊ, गोठ्यात बसवतो.

टिल्लू अजूनही ओढतो. पण तो फाटकाफाटकाशी ओढतो आणि नानांनाही फाटकाफाटकाशी थांबायचंच असतं. धुरपताबाई त्यांना गुडघ्यावरचं तेल सांगतात, पुंडलिकराव शेडचं गाऱ्हाणं. घरी यायला त्यांना आता अंधार होतो. रागवायचं म्हणून शरयू रागावते आणि पुन्हा चहा ठेवते. मला मात्र कोणी टिल्लूसोबत बाहेर पाठवत नाही.

काल सुमीतचा फोन आला. "भाऊजी, ते फरश्या वापस पाठवू का?"

"काऊन? बसल्या नाई का नीट?"

"बसल्या न. सकाळी म्हैस घसरून पडली. अन् इथं तर नाव घ्याले कुत्रापण नाई."