नुसते पाटील यांच्या निरोपाच्या डावाची हकिकत

ज्याच्या फौजेत हत्ती सरळ चालतो, उंट तिरका चालतो, आणि तरी कोणी कोणास हसत नाही, त्या चौसष्ट घरांच्या धन्यास नमस्कार; काळ्या घरास नमस्कार, पांढऱ्या घरास नमस्कार, आणि दोहोंमधल्या रेघेस, जिजवर कोणासही उभे राहता येत नाही, तीस वेगळा नमस्कार. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी नदीकाठच्या राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले आहे.

राज्याची राजधानी म्हणजे सोसायटीच्या खताच्या गोदामावरील माडी, आणि माडीस जिना लोखंडी, आणि जिन्यास कठडा एकाच बाजूस, त्यामुळे शत्रू सहसा वर येत नसे. दरबार रविवारी सकाळी भरे. राज्यात जो कोणी मोहरे हाती धरी तो पाटील. कोणी कोणाचा चुलता, कोणी कोणाचा साडू, बहुतेक कोणाचे कोणीच नव्हेत, परंतु आडनाव अवघ्यांचे एक. जिन्याखालून कोणी "ओ पाटील!" ऐसी हाक दिली की सगळा दरबार खिडकीशी येई आणि चालते डाव खोळंबत. मागे एक कुलकर्णी म्हणून सरदार खेळावयास आले, खेळले उत्तम, परंतु त्यांस हाक मारली की ते एकटेच वळून पाहात, आणि मग त्यांस फार एकटे वाटू लागले, आणि मग ते पेठेतील कॅरमच्या राज्यात चाकरीस गेले आणि तिकडे सुखी जाहले. तर पाटलांत पाटील ओळखावा कसा, याची तजवीज वडीलधाऱ्यांनी ऐसी केली होती की पायताण आणि पाळण्यातले नाव दोन्ही उंबऱ्याबाहेर ठेवून आत यावे, आणि ज्याने आयुष्यातली पहिली मात ज्या मोहऱ्याने केली त्या मोहऱ्याचे नाव त्यास जन्मभर चालवावे. घोड्याने केली ते घोडे-पाटील, हे सर्वांत वयोवृद्ध, राज्याचे न्यायाधीश, सर्व त्यांस आबा म्हणत. उंटाने केली ते उंट-पाटील, उंचीने ताड, परंतु नाव उंचीमुळे मिळाले नाही हे ते स्वतः प्रत्येक पाहुण्यास सांगत. वजीर-पाटील पायलीचे पन्नास, त्यांस मग बँकेतले वजीर, पोल्ट्रीवाले वजीर, चष्म्याचे वजीर ऐसे म्हणावे लागे. प्याद्याने मात करणे सर्वांत थोर, परंतु ते साधलेले अखेरचे प्यादे-पाटील वारून बरीच वर्षे जाहली होती आणि ती गादी रिकामी होती. आणि एक पाटील ऐसे होते की त्यांस काहीच नाव नव्हते. त्यांस नुसते पाटील म्हणत.

नुसते पाटील खेळात कमी होते ऐसे कोणी म्हणेल तर ते खोटे. ते पुष्कळ जिंकत. परंतु शह देणे त्यांच्या जिवावर येई. दुसऱ्याच्या राजाच्या दारात जाऊन ओरडणे त्यांस बरे वाटत नसे. ते एक प्यादे पुढे करीत आणि थांबत, मग एक मोहरे सावकाश बाजूस करीत आणि थांबत, आणि शत्रूची घरे एकेक ऐसी बंद होत जशी बाजार उठताना दुकाने. मग जेवणाची वेळ होई, आणि घरून फोन येई, आणि समोरचा पाटील राजा आडवा करून म्हणे, "सोडला ओ डाव, आमटी निवतीया." डाव पदरात पडे, मात राहून जाई. ऐसीच वर्षे गेली, आणि त्यात नुसते पाटील यांस फारसे दुःख नव्हते. दुःख सुरू जाहले ते मागल्या दिवाळीनंतर. चहाच्या किटलीभोवती बँकेतले वजीर म्हणाले, "ते पाटील हल्ली दिसत न्हाईत."

"कुठलं?" पोल्ट्रीवाले वजीर म्हणाले.

"ते ओ. खिडकीपाशी बसायचे. नाव नव्हतं बघा त्यास्नी अजून."

"हां हां, पाटील."

"व्हय, पाटील."

आणि एवढे बोलून दोघांनी बिस्किटे बुडविली, आणि ते दुसरे बिननावाचे पाटील नेमके कोण हे कोणास उमगले नाही, आणि नुसते पाटील यांच्या हातातला चहा तसाच राहिला. कारण त्यांचेही जाणे ठरले होते. लेक दूरच्या शहरी होती, तिला दिवस गेले होते, आणि घरच्या हौसाबाईंनी भांडी बांधावयास घेतली होती. आपण गेल्यावर किटलीपाशी हेच बोलणे होईल आणि आपल्यावरही बिस्किटे बुडविली जातील, हे त्यांच्या मनात घर करून बसले. त्यांनी ते हौसाबाईंस सांगितले.

हौसाबाई पातेले कागदात गुंडाळीत म्हणाल्या, "अवो, तिथंबी पाटीलच भेटतील की."

"तीच तर भीती हाय."

"मग घ्या एक नाव. मला काय, मी लगीन झाल्यापासनं 'अवो'च म्हणतीया. मला पुरलं."

राज्याचा दंडक होता की जो राज्य सोडून जाणार त्यास निरोपाचा डाव द्यावा, आणि समोर कोण बसेल हे जाणाऱ्याने सांगावे. नुसते पाटील यांनी पुष्कळ विचार करून उंट-पाटील मागितले. दरबार चकित जाहला, कारण उंट-पाटील खेळात तिखट आणि तोंडाने त्याहून तिखट. परंतु उंट-पाटील यांची एक ख्याती होती की त्यांनी जन्मात कधी राजा आडवा केला नाही. घरून फोन आला तर ते फोनवरच भांडत. ऐसा माणूसच शेवटपर्यंत बसेल, आणि शेवटपर्यंत बसेल त्यालाच मात करता येईल, हा नुसते पाटील यांचा हिशेब, आणि हिशेब चोख होता.

मग पंचमीस सकाळी डाव मांडिला. उंट-पाटील यांनी बाह्या सरसावून म्हटले, "चला पाटील, तुम्हांस्नी निरोपाचा नारळ देऊन टाकू." आणि तिसऱ्याच चालीस उंट धाडून "शह!" ऐसे गर्जले की खालची युरियाची पोती हालली. नुसते पाटील यांनी राजा एक घर सरकविला आणि थांबले. पुन्हा शह आला, पुन्हा सरकविला, आणि थांबले. मग एक प्यादे पुढे केले. मग हत्ती बाजूस केला. दुकाने बंद होऊ लागली. बाकीच्या पटांवरले पाटील आपापले डाव सोडून भोवती जमले, आणि दुपारपर्यंत काळा राजा आपल्याच मोहऱ्यांच्या गर्दीत कोपऱ्यात ऐसा कोंडला गेला की त्यास मान वळविता येईना. उंट-पाटील यांचा फोन वाजला. ते फोनात म्हणाले, "जेवत न्हाई आज. व्हय, हरतोय. म्हणून तर जेवत न्हाई," आणि फोन पालथा ठेविला.

आता नुसते पाटील यांच्यापुढे दोन वाटा होत्या. वजीर एक घर पुढे नेला की ह्याच चालीत मात, आणि मग ते वजीर-पाटील, बँकेतले, पोल्ट्रीवाले, चष्म्याचे यांच्या शेजारी आणखी एक. बहुधा 'गेलेले वजीर' म्हटले जातील. किंवा वजीर आहे तेथे राखावा, एक चाल थांबावे, आणि पुढल्या चालीस प्यादे ढकलून मात. एका चालीत काहीही होते. परंतु थांबणे ही एकच गोष्ट त्यांस आयुष्यभर आली होती, आणि म्हणून ते थांबले. त्यांनी कडेचे एक प्यादे उगीच सरकविले. उंट-पाटील यांस सर्व दिसत होते. त्यांस हालविण्यासारखे एक मोहरे होते ते त्यांनी हालविले, आणि राजाकडे बोटही नेले नाही, आणि म्हणाले, "करा." आणि नुसते पाटील यांनी मधले प्यादे दोन बोटांत धरिले आणि पुढल्या घरात ठेविले आणि

"शह," म्हणाले. मग खाकरून पुन्हा म्हणाले, "शह. आणि मात."

माडीवर जो गलबला जाहला तो लिहिता येत नाही. चष्म्याचे वजीर यांनी चष्मा काढून पुसला. कोणी म्हणे प्यादे-पाटील की जय, कोणी किटलीवर चमचा वाजवी, आणि गादी भरली ऐसे सर्वांस वाटले आणि

"थांबा," उंट-पाटील म्हणाले. "माझ्या राजाला ह्याआधी शह बसलाय का?"

किटलीवरला चमचा थांबला.

"सकाळधरनं मीच ओरडतोय. ह्यांनी एक तरी शह दिला का? सांगा आबा."

आबा डोळे मिटून बसले होते ते उघडले. "न्हाई दिला. मग उडी हाय."

"कसली उडी?" पोल्ट्रीवाले वजीर म्हणाले.

"आपल्या राज्याचा जुना कायदा हाय बाबा. ज्या राजाला अजून शह बसला न्हाई, त्यानं पहिल्या शहाला घोड्यागत एकदा उडी मारावी. माझ्या वडलांनी मारलेली बघितलीया मी, ह्याच खिडकीपाशी. त्याउपर न्हाई बघितली. तुम्ही सगळे बसल्या बसल्या शह देताय, मग उडीचा हक्क उरतोय कुठं?"

खरेच होते. राज्यात दुसरा कोणीही असता तर त्याने सकाळीच कधीतरी शह दिला असता आणि उडीचा हक्क तेव्हाच बुडाला असता. ही चूक एकट्या नुसते पाटील यांच्याच हातून होण्याजोगी होती. उंट-पाटील यांनी राजा उचलिला आणि घोड्यासारखा गर्दीवरून पलीकडे ठेविला, आणि राजा हलताच मागे कोंडलेला काळा उंट मोकळा जाहला, आणि त्याच्या तिरक्या रेघेत पांढरा वजीर आणि त्यामागे हत्ती सापडले, आणि मग जी मारामारी जाहली तीत दोहींकडील फौजा खलास जाहल्या, ते मात करणारे प्यादेही पडले, आणि अखेर पटावर दोन राजे उरले. बरोबरी जाहली.

नुसते पाटील पटाकडे पाहात राहिले. मग त्यांस हसू आले. प्रथम नाकातून आले, मग खांदे हालू लागले, मग डोळ्यांस पाणी आले, आणि ते म्हणाले, "आयला, काय उडालाय ओ राजा!" आणि उंट-पाटीलही हसले आणि म्हणाले, "मलाबी ठावं नव्हतं एवढा उडंल म्हणून." परंतु हसून जाहल्यावर नुसते पाटील यांनी उंबऱ्याकडे पाहिले, तेथे त्यांच्या वहाणा होत्या, आणि पाळण्यातले नावही तेथेच होते, आणि आत घेण्यासारखे दुसरे काही मिळाले नव्हते.

मग आबा म्हणाले, "बसा. नाव द्यायचं ऱ्हायलं."

"मात कुठं झाली आबा?" बँकेतले वजीर म्हणाले.

"मात तुम्ही सगळ्यांनी केलीया. राजा कुणी उडवला?"

यावर उंट-पाटील ताडकन उठले, आणि छतास डोके लागता लागता राहिले. "उडी माझ्या राजानं मारली. नाव द्यायचं तर मला द्या! उंट-उंट ऐकून कंटाळलोय मी. उंचीवरनं पडलंय वाटतंय लोकांस्नी."

"उडाला तुमचा राजा," आबा म्हणाले. "पण तुम्ही आपणहून उडवला असता का? दिवसभर शह न देता बसायला काळीज लागतंय. तुमच्यानं चहा निवेपर्यंत तरी बसवंल का?"

उंट-पाटील यांनी क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "न्हाई." मग ते पटावरून हात पुढे करून म्हणाले, "घ्या, उडवे-पाटील. निरोपाचा नारळ मात्र तुम्हीच मला दिलासा."

ऐसे नाव ठरले. पूर्वी कोणास नव्हते, पुढे कोणास मिळेल ऐसे नाही, कारण त्याच दिवसापासून दरबारातले सर्व पाटील पहिल्या चालीपासूनच शह शोधू लागले.

मग सप्तमीस सकाळी उडवे-पाटील आणि हौसाबाई एसटीत बसले, आणि गाठोडी वर ठेविली, आणि पातेल्यांचे गाठोडे हौसाबाईंनी मांडीवर घेतले, आणि गाडी सुरू जाहली. तोच दरबारातली मंडळी धापा टाकीत फाटकातून आत शिरली, कारण उडवे-पाटील यांचा वाचावयाचा चष्मा माडीवरच राहिला होता. उंट-पाटील पुढे, चष्मा हातात उंच धरलेला, आणि ते ओरडले, "ओ पाटील!" तेव्हा कंडक्टर वळला, ड्रायव्हरने आरशात पाहिले, अर्धी गाडी उठून उभी राहिली, आणि फलाटावरचा एक भेळवालाही "काय?" म्हणाला.

मग उंट-पाटील यांनी दम घेऊन पुन्हा हाक दिली, "ओ उडवे-पाटील!"

गाडीतली सगळी डोकी जागच्या जागी बसली. एकच खिडकीबाहेर आले. हौसाबाईंनी ते पाहिले आणि पदर तोंडास लाविला.

चष्मा पोचला. राज्य सुखी आहे, आमटी वेळेवर आहे, आणि किटलीपाशी कोणी विचारले तर कोण गेले ते सर्वांस ठाऊक आहे. हकिकत एवढीच, वाचणाऱ्यास त्याच्या नावानिशी रामराम.